ए, हाऊसकीपिंग!

खंडेनवमीचा दिवस. सकाळी नऊचा सुमार. बेळगावच्या उद्यमबागेतली आमची कंपनी झेंडूनं पिवळी झालती. एकेका मशीनला हार, हळदीकुंकू, लिंबू. ज्याची मशीन त्यानं पूजायची, अशी रीत. मी चार नंबरच्या सीएनसी मशीनसमोर नारळ घेऊन हुबी हुते. आईची ठेवणीतली साडी नेसून. दसऱ्याला चार नंबर तुझी, असं आमचे सुपरवायझर महादेवअण्णा दोन महिने सांगत आलते.

अण्णा आले. माझ्याकडं बघितलं, हातातल्या नारळाकडं बघितलं.

"तू हितं काय करालीस गं?"

"मशीन पूजाय आले, अण्णा."

"तुझं आयुध तिकडं हाय की!"

तिकडं म्हंजे संडासाच्या दाराकडं. तिथं बादली, वायपर आन् खराटा भिंतीला टेकवून ठेवलेले. खराट्याला कुणीतरी कुंकू लावून झेंडूचं फूलबी खोवलं हुतं. सगळी हसली. ते काय दुष्ट हसणं न्हवतं. सणाचं, मोकळं हसणं हुतं. म्हणूनच जास्त लागलं.

आन् मी काय केलं? गेले. त्या दारापाशी बसले, उदबत्ती लावली, नारळ फोडला, हात जोडले. आजबी हे सांगताना माझं मलाच थोबडावावंसं वाटतंय. अपमान दुसरा करतो म्हणतात. त्या दिवशी निम्मा माझा मीच केला.

उठून मागं बघितलं तर चार नंबरसमोर वैजू हुबी. तिच्या हातात पूजेचं ताट.

वैजू माझ्याच गावची. उचगावाच्या पलीकडं आमचं गाव. दोघी एकाच बसनं आयटीआयला गेलो, टर्नरच्या ट्रेडला, म्हंजे लेथवरच्या कामाला, एकाच बेंचवर बसलो, कंपनीतबी एकाच दिवशी लागलो. मार्क मला जास्त. हे मी बढाई म्हणून सांगत न्हाई, मार्कलिस्ट हाय माझ्याजवळ. तिच्याशी माझा दावा न्हाई. नंतर मी तिला विचारलं तर म्हणाली, "मला दिली, मी घेतली. मला काय ठाव गं?" खरं बोलली. तिला ठाव असायची गरजच काय हुती?

आता हे कसं झालं ते सांगते.

कंपनीत लागलो त्या दिवशी अण्णांनी दोघींना विचारलं, गाव कुठलं. सांगितलं. मग म्हणाले, "गल्ली कुठली?" वैजूनं तिची सांगितली. मी माझी सांगितली. आमच्याकडं गल्लीचं नाव घेतलं की सगळं कळतं, तहसीलदाराचा दाखला काढाय लागत न्हाई. अण्णा नुसतं "हां हां" म्हणाले. त्या 'हां हां' ला मी तवाच ओळखाय पायजे हुतं. पण नवी नोकरी, नवा गणवेश, डोळ्यांत सगळं गुलाबी. माणूस येडं असतं त्या दिवशी.

वैजूला म्हणाले, तू मशीनवर बघून शिक. मला म्हणाले, तू आधी हाऊसकीपिंग कर.

मला वाईट वाटलं का? छे! मी खूश झालते. आयटीआयत आमच्या सरांचा पयला धडाच हाऊसकीपिंगचा. हाऊस म्हंजे घर, कीपिंग म्हंजे राखणं. जिथं काम करतो ती जागा आपलं घर समजून आपण राखायची. सुट्टी व्हायच्या आधी ज्यानं त्यानं आपापल्या लेथखालचा लोखंडाचा चुरा काढायचा, तेल पुसायचं, हत्यारं जाग्यावर लावायची. वर्गात पाटील हुते, जैन हुते, आम्ही हुतो. सगळ्यांच्या हातात फडकं. सरांच्याबी. मला वाटलं कंपनीतबी तसंच. धडा पयल्यापासनं सुरू करालेत, बरोबर हाय.

घरी येऊन आईला सांगितलं, "हाऊसकीपिंगपासनं सुरुवात हाय." आईनं शेजारणीला सांगितलं. शेजारीण म्हणाली, "इंग्रजी नावाचं डिपार्टमेंट हाय म्हंजे मोठंच असंल बाई." आईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. सगळ्या गल्लीनं खाल्ली ती साखर.

पयल्या आठवड्यात मशीनचा शॉप झाडला. दुसऱ्या आठवड्यात हापिस. तिसऱ्यात संडास. एकदम संडास सांगितला असता तर मी त्याच दिवशी बॅग उचलली असती. त्यांनी एकेक पायरी उतरवली. आन् दर पायरीला तोच शब्द, हाऊसकीपिंग. तुंबलेलं भांडं साफ कर म्हणाय कुणाची जीभ रेटत न्हाई. पण "तेवढं हाऊसकीपिंग बघ गं" असं चहा पीत पीतबी म्हणता येतं.

माझं नाव तर गेलंच. "ए, हाऊसकीपिंग!" बास. माझ्या नावानं हाक मारणारं कंपनीत एक वैजूच, आन् तीबी चारचौघांत मारायची न्हाई.

तवापासनं मी संशयी झाले. व्हय, हाय मी संशयी. कुणी गोड बोललं की माझे कान हुबे ऱ्हातात. भिंतीवर मोठा बोर्ड हाय, इंग्रजीत आन् कन्नडात: हाऊसकीपिंग ही प्रत्येकाची जबाबदारी. रोज पुसायची मी तो. पुसता पुसता एक दिवस मोजली माणसं. प्रत्येकाची जबाबदारी, आन् खराटा तिघींच्याच हातात. मी, आन् चिकोडीकडच्या दोन मावश्या. मी मावश्यांना विचारलं, "मावशी, तुमची गल्ली कुठली?" दोघींनी सांगितली. मग मला दुसरं काय विचाराय लागलंच न्हाई.

हे सगळं मला खंडेनवमीच्या आधी कळलं हुतं. तरी नारळ घेऊन गेलते. आशा लई चिवट असती, गोचिडीसारखी.

त्या दिवशी घरी येऊन आईसमोर रडले. आई शहरातल्या एका शाळेत वीस वर्सं झाडलोट करून दमलेली बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आमच्या येळी झाडूवाली म्हणत हुते. वाघ म्हण न्हाईतर वाघोबा म्हण, खायाचा तो खातोच." मग म्हणाली, "मला वाघ म्हणायचीबी भीती वाटत हुती गं. तू तरी म्हण."

दसरा झाला. पंधरा दिवसांनी बाहेरनं कुठल्या तरी मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कंपनी तपासाय येणार हुती. त्यासाठी सगळ्यांची कागदं नीट कराय घेतली. मला हापिसात बोलावलं. तिथल्या मॅडम बेळगावच्याच, शिकलेल्या घरातल्या. बोलणं लोण्यासारखं. अण्णा बाजूला हुबे.

मॅडमनी एक पत्र पुढं केलं. "अभिनंदन! तू कायम झालीस. इथे सही कर."

मी वाचलं. इंग्रजी मला येतं, हे त्यांच्या ध्यानात न्हवतं वाटतं. नावाखाली लिहिलेलं: हाऊसकीपिंग असिस्टंट. टर्नर न्हाई, ऑपरेटर न्हाई. त्यावर सही केली असती तर दोन वर्सांचं शिक्षण तिथंच पुसलं गेलं असतं. पुढं कुठल्याबी कंपनीत गेले तरी हाच अनुभव दाखवाय लागणार, आन् तिथंबी माझ्या हातात बादलीच येणार.

"मॅडम, मी टर्नर हाय. मशीनचं काय झालं?"

"अगं, कुठलंही काम हलकं नसतं. आणि तू इतकं छान करतेस! नीटनेटकेपणा उपजत असतो एकेकाच्यात."

उपजत! अंगावर पाल पडावी तसं झालं.

"धाकटी बहीण आहे ना तुझी?" मॅडम म्हणाल्या. "तिलाही घेऊन ये. हाऊसकीपिंगला जागा आहे अजून एक."

माझी बहीण इलेक्ट्रिशियनचा कोर्स करते. ती काय शिकती, हे विचारायचीबी गरज वाटली न्हाई. गल्ली ठाव हुती, तेवढं पुरलं. माझ्यापुरतं मी काय काय गिळलं, पण हे घशाखाली उतरंना.

मी पेन खाली ठेवलं. "सही करणार न्हाई. वैजूला मशीन आन् मला खराटा, असं का?"

मॅडमचा चेहरा बदलला. "हे बघ, आमच्याकडे तसलं काही नाही हं."

"तसलं म्हंजे कसलं, मॅडम?"

मी जातीचं नावबी काढलं न्हवतं. अण्णा खिडकीतनं बाहेर बघाय लागले. बाहेर बघण्यासारखं काय बी न्हवतं, ओतकामाच्या भट्टीची वाळू पडलेली नुसती.

"तसलं काही न्हाई, तर मग दुसरं कारण असंल," मी म्हणाले. "ते लिहून द्या."

"सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"हेबी लिहून द्या."

लिहिलं न्हाई. कसं लिहितील? हाऊसकीपिंग लिहाय सोपं जातं. त्याच्यापुढं 'कारण' म्हणून काय लिहायचं, तिथं हात थांबतो.

मी घरी आले आन् अर्ज लिहिला. कन्नडात लिहिला, मराठीत लिहिला, इंग्रजीत लिहिला. आमच्या भागात भाषा कळली न्हाई म्हणून कागद बाजूला सारायची सोय असते, ती ठेवली न्हाई. टर्नर म्हणून शिकलेल्या बाईला मशीन का दिली न्हाई, एवढंच विचारलं. कंपनीनं पोच दिली न्हाई. मग रजिस्टर पोस्टानं पाठवला. तिथं सही करून घ्यावाच लागला. ती पोच घेऊन मी कामगार खात्यात गेले. तिथल्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "गाव कुठलं तुमचं? गल्ली कुठली?"

मी म्हणाले, "साहेब, अर्जात ट्रेड लिहिलाय. ते विचारा."

त्यांनी मान खाली घातली आन् अर्ज वाचाय लागले. सुनावणीची तारीख दिलीया. ते माझ्या बाजूनं हायत असं मी म्हणत न्हाई. माझा त्यांच्यावरबी इश्वास न्हाई.

दोन महिने झाले, मी घरी हाय. वैजू सांगत हुती, माझ्या जागी आमच्याच गल्लीतली दुसरी पोर ठेवलीय. ती बारावी झालीया. मी तिच्या घरी जाऊन आले, रिकामा कागद आन् पेन देऊन आले. तिला म्हणाले, भांडू नको, रडू नको. काम सांगितलं की नुसतं विचार, मलाच का? आन् जो सांगंल त्याच्याकडनं लिहून घे.

मशीन द्या, न्हाईतर कारण द्या. तोंडी चालणार न्हाई. खाली सही पायजे, आन् सहीखाली नाव.