जोडेवाल्याची पोटरी

बसा, चहा येतोच आहे. तोवर मी स्वतःच स्वतःची वरात कशी काढली ते ऐका!

राजापेठेत माझं जोड्या-चपलांचं दुकान. चालताना पोटरी आवळून यायची, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "शेठ, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. रोज चाला. कळ आली की थांबा, गेली की पुन्हा चाला. हळूहळू लांबपर्यंत जाता येईल."

उपाय सोपा. पण जोडे विकणाराच रस्त्यात पोटरी धरून उभा दिसला, तर गिऱ्हाईक काय म्हणेल? मग मी अक्कल चालवली! कळ आली की समोरच्या दुकानातला माल न्याहाळत उभं राहायचं. जणू खरेदीच काढली आहे.

आधी कळ यायची मिठाईवाल्यापाशी. मी लाडू न्याहाळायचो. काही आठवड्यांनी पाय सुधारला, कळ पुढे सरकली ती सोनाराच्या दारात. मी मंगळसूत्रं पाहू लागलो. आणखी सुधारला, तो थेट लग्नपत्रिकांच्या दुकानापर्यंत! डॉक्टर खूश, मी खूश.

"शेठ, कोनाचं लगन काढलं?" पत्रिकावाल्या नानाभाऊंनी विचारलं.

मी नुसता हसलो.

आता, माझ्या दोन्ही मुलींची लग्नं कधीच झाली, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक. मग घरात उरलं कोण? मी आणि बायको! लगेच अकोल्याहून मेहुण्याचा फोन: "भाऊजी, या वयात हे काय करून राहिले तुमी? माह्या बहिणीत काय कमी हाय?"

फोन ठेवतो न ठेवतो, तोच बायको भर गर्दीत दुकानात हजर. "कोन हाय ते सांगा! मंगळसूत्र कोनासाठी पाहून राहिले?"

"अवं, कोनीच नाई!" मी ओरडलोच. "पाय दुखते माहा! धड चालता येत नाई, म्हनून थांबतो तिथं!"

बायकोचा आवाज एकदम खाली आला. "मंग मले सांगाले काय झालं होतं? उद्यापासून मी बी येईन संगं."

हुश्श! संसार वाचला. मी वळलो, तर समोर गिऱ्हाईक बसलेलं, नवाकोरा जोडा पायात घालून. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मग स्वतःच्या. जोडा तोच! त्यानं तो हळूच काढून बाजूला ठेवला.

"शेठ," तो म्हणाला, "तुमच्या पायात हाय तो सोडून दुसरा दाखवा."