सुजलेल्या हिरड्यांवर ठेचा

पुनानानाचा मला राग आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. दोंडाईच्याच्या मिरची बाजारात हमाली करून त्याची हयात गेली. त्याच्या लेखी ज्याला तिखट सोसत नाही तो बुळगा. आणि त्याच्याच मुलाच्या, जितेंद्रच्या हिरड्या लहानपणापासून सुजलेल्या. घास चावला की रक्त. पोरगं ताट सरकवायचं. मग बाप त्याचा जबडा दाबून तोंड उघडायचा आणि ठेचा बोटानं हिरड्यांवर रगडायचा.

“मिरचीना गावमा जलमना अन् तुले तिखट लागस?”

एकदा पोरानं बोट चावलं. नानानं त्याला उंबऱ्यावर आपटलं, पुढचा दात तुटून पडला. तरी हिरड्या डॉक्टरला कोणी दाखवल्या नाहीत.

मोठेपणी जितेंद्र टेम्पो चालवू लागला. तिशी उलटली आणि पोटात पीळ सुरू झाले, शौचाला रक्त. दिवसातून कितीदा तरी गाडी थांबवून शेतात पळायचा. खंगत गेला. बाप म्हणायचा, पोरगा दारू पितो. एका सकाळी त्यानं फावड्याच्या दांड्यानं मुलाला झोडपलं. जितेंद्र अंगणात कोसळला, पायजमा रक्तानं भिजला. मी शेजारी राहतो, मीच त्याला धुळ्याला नेलं.

डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासलं. आतड्यांना सूज होती, जागोजागी जखमा. मग त्यांनी विचारलं, “लहानपणी हिरड्या सुजायच्या?” जितेंद्रनं मान डोलावली.

“लहानपणी तोंडात अशी सूज असलेल्यांना पुढे हा आजार जास्त झालेला दिसतो,” डॉक्टर म्हणाले. “तेच कारण आहे, असं मात्र सांगता येत नाही. घरात मूल असेल तर त्याचं तोंड बघून घ्या.”

घरात कामिनी होती, त्याची मुलगी. तीही हल्ली ताट सरकवत होती.

आम्ही परतलो तेव्हा पोर जमिनीवर पडलेली, नानाचा गुडघा तिच्या छातीवर, बोटांना ठेचा. जितेंद्रला धड उभं राहवत नव्हतं. त्यानं पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि बापाच्या हातावर घातला. हाड मोडलेलं मी ऐकलं. मला वाईट वाटलं नाही.

“आते तिनं तोंड डॉक्टरच उघाडी नाना, तू नही,” जितेंद्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंचं बोट जवळ येताच कामिनीनं ओठ घट्ट मिटले. जितेंद्रनं तिला मांडीवर घेतलं आणि आधी स्वतःचं तोंड उघडलं. बाईंनी त्याच्या हिरड्यांवरून हलकेच बोट फिरवलं. कामिनी टक लावून बघत होती. बाप ओरडला नाही, हे पाहिल्यावर तिनंही तोंड उघडलं.