फ्लेक्सवरचा मार्गदर्शक

"आधी पासपोर्ट टेबलावर ठेव. मग बोल," मी विकीला म्हणालो.

विकीचं ऑफिस आकुर्डीला. एसी, काचेचं दार, बाहेर भलामोठा फ्लेक्स: 'परदेशात नोकरी, मोफत सल्ला.' त्यावर हात जोडलेला विकी आणि शेजारी मी. माझ्या फोटोखाली 'मार्गदर्शक'. आमच्याकडं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर निम्मी गल्ली मार्गदर्शक असते, कुणी कुणाला विचारत नाही. पण हा काय वाढदिवस होता का?

काळेवाडीत माझी वेल्डिंगची शेड आहे. शाळा चौथीपर्यंत. पण चाकणला कुठल्याही कंपनीत जा, माझ्याकडं शिकलेला वेल्डर सापडणारच. विकी माझ्याकडं ट्रेड टेस्टला माणसं पाठवायचा. म्हणजे वेल्डरकडून सांधा मारून घ्यायचा, तोडून बघायचा आणि पास की नापास सांगायचं. माझा संबंध तेवढाच.

सुनील बीडकडचा, माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्या दिवशी पेढे घेऊन आला. कंपनीचा राजीनामा दिलेला, पासपोर्ट विकीकडं जमा केलेला, परवा विमान.

"व्हिसा कसला?" मी विचारलं.

"व्हिजिटचा, मामा. तिकडं गेल्यावर कामाचा करून देणारेत."

व्हिजिट म्हणजे फिरायला जायचा परवाना. त्यावर काम केलं की तिथले पोलीस उचलतात. मालकानं पगार बुडवला तर तक्रारीला तोंड नाही. आमच्या गल्लीतला एक जण असाच तुरुंग बघून आलाय.

"अरे, कुणाला विचारायचं तरी!"

"फ्लेक्सवर तुमचा फोटो व्हता की मामा. मग आणि कुणाला विचारू?"

माझं डोकंच फिरलं. त्याला तसाच गाडीवर बसवला आणि आकुर्डी गाठली.

विकी हसत होता. "मामा, तुम्ही वेल्डिंग बघा. व्हिसाचं मी बघतो."

"लायसन दाखव."

परदेशी कामाला माणसं पाठवायची तर केंद्र सरकारची नोंदणी लागते. जाहिरात करून माणसं गोळा करणंही त्यातच धरतात. याच्याकडं कागदाचा कपटा नव्हता.

"मी एजंट नाही, कन्सल्टंट आहे. नुसता सल्ला देतो."

"नुसत्या सल्ल्याला पासपोर्ट कशाला लागतो रं?"

तेव्हा त्याचं हसू गेलं. "जास्त ताणू नका. पोलीस आले तर फोटो तुमचाबी हाय. दोघंबी आत जाऊ."

मला धमकी! माझ्या वयाला!

"चल की मग. आत्ताच जाऊ."

मी खुर्चीवरून हललो नाही. शेवटी ड्रॉवर उघडून त्यानं पासपोर्ट फेकला. सुनीलनं खाली वाकून उचलला. तिथनं आम्ही सरळ पोलीस चौकीत गेलो.

साहेब म्हणाले, "आजोबा, तक्रार दिलीत तर चौकशी तुमचीही होणार. मार्गदर्शक तुम्हीच आहात."

"लिहा साहेब. माझं नाव वर लिहा."

विकीवर गुन्हा दाखल झाला. जामिनावर सुटलाय, बुलेटवर फिरतोय. मी मात्र बोलावतील तेव्हा चौकीच्या बाकड्यावर बसतो. वकील म्हणतो, निघाल यातनं, पण वेळ लागेल. कंपनीनं सुनीलला परत घेतलं नाही. आता तो दुसरीकडं कॉन्ट्रॅक्टवर आहे. माझ्या शेडवरून जातो, आत येत नाही.

बाहेर जाणाऱ्यांनी एजंटचा नोंदणी नंबर मागावा आणि तो सरकारी साइटवर स्वतः तपासावा. ओळखीचा म्हातारा काय म्हणतो, ते नंतर.