थांबलेल्या लढाईचा ओव्हरटाइम

मे महिन्यात सीमेवर चार दिवस लढाई झाली. तुमसरला नंदलालशेठच्या राइस मिलच्या कचेरीत मात्र ती महिना उलटला तरी चालूच राहिली.

रुचिता त्या कचेरीत बिलं करायची. जवळच्या बपेरा गावची पोर, बी.कॉम. झालेली, परसराम मेश्रामची थोरली. धाकटा भाऊ जीवन फौजेत, जम्मूकडे. लढाई सुरू झाली त्या सकाळी शेठनं सगळ्यांना उभं करून भाषण ठोकलं. "तिकडं जवान रातदिवस जागून राहिले, आन् तुमाले सहा वाजले का घर आठवते?" त्या दिवसापासून सुट्या बंद, कचेरी रात्री नऊपर्यंत, आणि अफवा पसरतात म्हणून सगळ्यांचे मोबाइल दाराशी पेटीत. ओव्हरटाइमचं नाव काढलं की शेठ कानांना हात लावायचा. देशसेवेचे कुणी पैसे मागतं का! मिलचा तांदूळ जायचा हॉटेलवाल्यांना, पण हे त्याच्या तोंडावर बोलणार कोण?

दुसऱ्याच दिवशी त्या पेटीत रुचिताचा फोन वाजत राहिला. घंटी आपलीच आहे हे तिला कळत होतं, पण उठायची सोय नव्हती. फोन जीवनचा होता. पुढच्या चौकीवर निघण्याआधी बोलायला मिळालेली पाच मिनिटं त्यानं बहिणीची घंटी ऐकण्यात घालवली. त्यानंतर त्याचा फोन बंद. लढाई थांबेपर्यंत आईच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि रुचिता स्वतःलाच शिव्या घालत तांदळाची बिलं करत राहिली.

लढाई थांबली. तिनं विचारलं, आता सहाला जाऊ का? शेठ हसला. "टीव्ही नाही पाहात का वं? लढाई थांबली आहे, खतम नाही झाली."

जूनमध्ये जीवन सुटीवर आला. खुद्द लढणाऱ्याला सुटी मिळाली, बिलं करणारीला मिळेना! ती रात्री घरी पोचायची तेव्हा तो पेंगत असायचा, सकाळी निघायची तेव्हा अंथरुणात. सुटी अशीच सरली. जायच्या दिवशी तिनं मनाशी पक्कं केलं, काही झालं तरी स्टेशनवर जायचं आणि त्या दिवशी फोनवर राहून गेलेलं सगळं बोलून घ्यायचं. ती शेठसमोर उभी राहिली.

"भाऊ फौजेत आहे माहा. आज संध्याकाळच्या गाडीनं चालला. दोन घंटे सोडा मले."

शेठ खुर्चीतून उठलाच. "फौजी? आधी काहून नाही सांगितलं? बोलाव त्याले इथंच. सत्कार करू!"

पाचच्या सुमाराला जीवन बॅग घेऊन आला. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. शेठ शिस्तीवर इतका बोलला की जणू चौकी तोच सांभाळून आला होता. मग त्यानं जीवनला सोडायला स्वतःची गाडी काढायला लावली. रुचितानं पर्स उचलली.

"तू कुठं?" शेठ म्हणाला. "सत्कारात घंटाभर गेला. काम कोण करन?"

जीवन पुढं आला. "शेठजी, हिले येऊ द्या ना स्टेशनपावेतो. मंग धाडतो वापस."

शेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी त जवान आहा. ड्युटी काय असते, ते का मी तुमाले सांगू?"

रुचितानं भावाकडं पाहिलं. गोळ्यांसमोर उभा राहून आलेला माणूस, शेठला आता चार शब्द सुनावणार, असं तिला वाटलं. पण जीवनची पाठ ताठ झाली, टाचा जुळल्या.

"जी साब," तो म्हणाला.

आपण काय बोललो हे त्याला लगेच कळलं असावं. चेहरा उतरला. "ताई, म्या..." एवढं तो म्हणाला, तोवर ड्रायव्हरनं बॅग उचलून गाडीत टाकलीही होती.

शेठवर चिडणं रुचिताच्या अंगवळणी पडलं होतं. भावाचा इतका राग मात्र तिला जन्मात कधी आला नव्हता. गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा त्यानं काचेतून हात हलवला. तो सीमेवर परत चालला होता, हे तिला माहीत होतं. तरी तिनं हात उचलला नाही.