दोन नंबरच्या दालनातला गाळ

कूका शोलाल्पा सोळा वर्षं एकाच दालनात उभी होती आणि त्याबद्दल तिची काडीची तक्रार नव्हती. मेक्सिको सिटीतल्या आजच्या कलेच्या एका केंद्रात दोन नंबरचं दालन तिच्या राखणीत होतं. छतातून दिवसभर ऊन येतं असं ते एकच. लोकांना रेषेच्या मागे ठेवायचं आणि स्वतः कशालाही हात लावायचा नाही, एवढं काम. तिथे तिने गंजकी पिंपं पाहिली, हजारभर जुने जोडे पाहिले, एकदा तर नुसती रिकामी खोली पाहिली. न कळलेलं कळलं म्हणायची तिला सवय नव्हती. "मला नाही कळलं, पण तुम्ही मागे सरका," असं ती पाहुण्यांना सरळ सांगे.

मग मार्चात मॉन्तेरेहून दालीला त्रेविन्यो नावाची कलावंत आली. तिने शहराच्या दक्षिण टोकाच्या सोचिमिल्कोतल्या कालव्यांतला चार टन काळा गाळ आणवला आणि जमिनीवर चार बोटं जाड पसरला. पाच महिन्यांत तो आपोआप वाळून तडकायचा; हे शहर ज्या तळ्यावर वसलं ते तळं कसं आटलं, हे लोकांनी बघायचं. कल्पना वाईट नव्हती. फक्त राखणीला सोचिमिल्कोचीच बाई होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कूकाच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या ह्याच गाळात रोपं करतात. गाळ पसरायचा. बोटाचा ठसा उमटेल पण बोटाला चिकटणार नाही, इतका आळला की सुरीने चौकोन पाडायचे आणि दर चौकोनात एक बी टोचायचं. तो दिवस एकच असतो. चुकला की गाळ वाया. दालनातला गाळ तसा आळला तो नेमका सोमवार होता, केंद्र बंद, झाडलोटीचा वार. कूकाने बोट दाबून पाहिलं. हात लावायचा नाही हे तिला पाठ होतं. पण आळलेला गाळ समोर दिसत असताना गप्प बसायला तिच्या घरात कुणी शिकवलंच नव्हतं. खांबामागच्या कोपऱ्यात तिने डब्यातल्या सुरीने दीडशे चौकोन पाडले. भावासाठी घेतलेलं लेट्यूसचं बी पिशवीत होतंच. पुढे रोज बाटलीतलं पाणी शिंपडलं.

दहाव्या दिवशी प्रदर्शनं मांडणाऱ्या बेरेनिसेबाईंना हिरवा कोपरा दिसला.

"कूकाबाई, हे काय?"

"लेट्यूस, लिसेन्सियादा." शिकलेल्या बाईला मानाने असंच म्हणायची तिथली रीत.

"ते दिसतंय मला. लावलं कुणी?"

"मीच. दुसऱ्या कुणाला इतके सरळ चौकोन येतात?"

बेरेनिसेने कपाळाला हात लावला. "उद्या दालीला येतेय. ती चिडली, तर तुम्हाला तळघरात पाहुण्यांच्या पिशव्या सांभाळाव्या लागतील. मी काही करू शकणार नाही."

निवृत्तीला सात वर्षं होती. सात वर्षं उन्हाशिवाय पिशव्यांना बिल्ले लावत काढायची, ह्या विचाराने कूका त्या दुपारी छतातून येणाऱ्या उन्हातच उभी राहिली.

दालीला आली आणि कोपऱ्याशी उकिडवी बसली. "माझा कोपरा नासवलात तुम्ही."

"नासवला. खोटं कशाला बोलू?"

"मला हिरवं नको होतं. हिरवं बघितलं की लोक खूश होऊन घरी जातात."

सोळा वर्षांत पहिल्यांदाच कुणी कूकाला समजेल असं काही सांगितलं होतं. "मग काढते," ती म्हणाली. "पण उपटून नाही." तिने सुरी सरकवली, बर्फीच्या वडीसारखा एकेक चौकोन रोपासकट अलगद सुटून आला.

"आता इथे पिंपात राखून ठेवलेला ओला गाळ भरू," दालीला म्हणाली.

"भरा की. पण बाजूचा निम्मा सुकलाय. हा नवा सुकायला मागे राहील आणि ठिगळ दिसेल."

"मग काय करायचं?"

"बाजूच्यावर ओलं गोणपाट टाकायचं, हा उघडा ठेवायचा. दोघं बरोबरीला आले की गोणपाट काढायचं. रोज बोट लावून बघावं लागतं."

"ते कोण बघणार?"

बेरेनिसेने घसा खाकरला. "येतं ते ह्यांनाच. पण ह्यांना मी तळघरात पाठवणार होते."

"तळघरात गाळ आहे?"

"नाही."

"मग राहू द्या त्यांना इथेच. आणि सुरी तेवढी काढून घ्या."

कूकाने सुरी पुसून बेरेनिसेच्या हातात दिली आणि गोणपाट आणायला निघाली. रोपं केंद्रातल्या सगळ्यांनी खोक्यांतून घरी नेली. जाताना दालीलानेही सहा उचलली.

"मॉन्तेरेच्या कोरड्या उन्हात जगतील?"

"नाही," कूका म्हणाली. "अजून दोन न्या."