शेपूटमावशीची दोरी

आमच्या पालकगटातल्या एका आईला पोरं शेपूटमावशी म्हणायची. शाळेच्या वाटेवर ट्रकांची वर्दळ, फुटपाथ कुठे आहे, कुठे नाही. म्हणून आम्ही आया सकाळी पोरांना एका लांब दोरीला धरून नेतो. दोरीला गाठी, एका गाठीला एक पोर. पुढचं टोक माझ्याकडे, कारण माझा आवाज ट्रकवाल्यालाही ऐकू जातो. मागचं शेपूट तिच्याकडे. ती दप्तरं दुरुस्त करायच्या दुकानात शिवायची. दोरी तिनंच आणली, गाठी तिनंच मारल्या. शेवटची जरा जाड मारली, कारण तिची मुलगी सगळ्यांत लहान, मुठीतून निसटू नये म्हणून.

थंडीत ती मुलगी तापानं गेली.

आम्हाला वाटलं, बाई आता कसली येते. पण एका सकाळी ती दोरीच्या टोकाशी येऊन उभी राहिली. मी पुढचं टोक उचललं. पोरांनीही शेवटची गाठ सोडून बाकीच्या धरल्या.

मग शाळेत एक नवीन छोटी आली. बिचारीला एकच गाठ रिकामी दिसली, तिनं ती धरली. शेपूटमावशीनं दोरी अशी हिसकली की पोर रस्त्यावर तोंडघशी पडली. ट्रक लांब होता म्हणून वाचली.

गटाच्या बैठकीत ठरलं, तिला आता बोलवायचं नाही. "तसंही तिचं मूल शाळेत नाही," एक बाबा म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, एकदाही सकाळी आलेला नाही. माझं डोकंच फिरलं. पण छोटीचा फुटलेला ओठ मीही पाहिला होता. सांगायचं काम माझ्यावर आलं, मी फटकळ ना.

दुकानात गेले तेव्हा ती मशीनवर दप्तराचा पट्टा शिवत होती. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, तेव्हा मात्र मी उगाच एका दप्तराची चेन उघडझाप करत राहिले.

"उद्यापासून मागचं टोक मी बघते," मी कसंबसं म्हणाले.

तिनं मशीन थांबवलं. "फार लागलं का गं तिला?"

"ओठ फुटला."

"बरोबर आहे तुमचं. मला माझा हात आवरत नाही. दोरी संध्याकाळी आणून देते."

तिथून बाहेर पडले आणि मला रडू आलं. तिचा राग आला, आमचाही आला.

संध्याकाळी ती दोरी देऊन गेली. शेवटच्या गाठीच्या अलीकडे तिनं नवा तुकडा शिवून जोडला होता, आणि त्यावर छोटीसाठी एक जाड गाठ मारली होती. शेवटची गाठ तशीच होती.

आता पुढे दुसरी आई चालते, मागे मी. रांग जाईपर्यंत शेपूटमावशी दुकानाच्या दारात उभी असते. माझ्यानं तिकडे बघवत नाही. शेवटची गाठ मी मुठीत धरून ठेवते.

परवा माझ्याच धाकट्यानं चालता चालता मागे येऊन ती गाठ धरायला पाहिलं, आणि मी दोरी हिसकून घेतली.