मालनचा उजवा हात

गिरीज गावच्या द्वारकाबाईंच्या घरात आजारी पडायला मुभा होती, पण ती फक्त द्वारकाबाईंना. सून मालन विहिरीचं पाणी शेंदता शेंदता थांबायची, उजवा हात गळून गेला म्हणायची, आणि घटकाभर टेकली की पुन्हा कामाला लागायची. टेकलं की बरं वाटतं, म्हणजे सोंगच, असा निवाडा सासूबाईंनी देऊन टाकला. नवरा नरहरी आईच्या शब्दाबाहेर नव्हता. कामचोर बायकोला माहेरी पोचवीन, असं त्याने दोनदा ऐकवलं. मालनला एवढंच हवं होतं, की कुणीतरी म्हणावं, हिला खरंच होतंय.

डोकं ठणकायला लागलं तेव्हा कुठे तिला माणिकपूरला डॉक्टरकडे नेलं. डाव्या दंडावर द्वारकाबाईंनी नातू व्हावा म्हणून बांधलेला ताईत होता. त्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी आधीच बजावलं. त्या शहाण्या डॉक्टरनेही मुकाट्याने उजव्या दंडाला पट्टा गुंडाळला, प्रेशर कमी आहे म्हणाला आणि मीठ वाढवायला सांगितलं. मालन हरखली. काहीतरी निघालं होतं एकदाचं.

त्या दिवसापासून द्वारकाबाई सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या राहू लागल्या. डोकं जास्तच दुखतंय म्हटलं, की आणखी चमचाभर मीठ. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मालन केळीच्या बागेत कोसळली.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी कुणालाही न विचारता ताईत कापला. डाव्या दंडाला पट्टा गुंडाळला, तर प्रेशरचा पारा दोनशे तीसवर गेला. उजव्या हाताची रक्तवाहिनी आतून अरुंद झाली होती. कामाला लागलं की हाताला रक्त पुरत नव्हतं, आणि तिथे मोजलेला दाब कमी भरत होता. बाकी अंगात तो चढलेलाच होता. त्यावर तुम्ही मीठ पाजलंत, मेंदूतली नस फुटली, असं बाईंनी नरहरीला तोंडावर सांगितलं. ही कामाला कधी लागेल, एवढंच त्याने विचारलं.

मालन वाचली. डावं अंग लुळं पडलं. उरला तो उजवा हात, थंडगार, चार शेंगा सोलल्या की दमणारा. ताईत तोडला म्हणून हे झालं, असं द्वारकाबाई साऱ्या आळीला सांगत सुटल्या. मग ओटीवर बसवलेल्या सुनेपुढे त्यांनी वालाच्या शेंगांची टोपली ठेवली.

मालनने एकदा धीर केला.

"हाताला रक्त पोचत नाही माझ्या. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या."

"पोचेल," द्वारकाबाई म्हणाल्या. "हात चालव."

आणि दुसरी टोपली आणायला आत गेल्या.